मुंबईतील बेघरांची जागानिवड

मुंबईतील बेघरांची जागानिवड म्हणजे बृहन्मुंबईत छपराविना किंवा तात्पुरत्या आडोशाखाली राहणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या व्यक्ती व कुटुंबे रात्रीच्या मुक्कामासाठी आणि दैनंदिन वावरासाठी शहरातील विशिष्ट ठिकाण ज्या कारणांनी निवडतात, ती प्रक्रिया होय. पदपथ, उड्डाणपुलाखालची जागा, रेल्वे स्थानकाचा परिसर, बंद दुकानांच्या पायऱ्या, रुग्णालयांभोवतालचे रस्ते, धार्मिक स्थळांची आवारे आणि जलवाहिन्यांचे पट्टे ही अशा वास्तव्याची प्रमुख ठिकाणे आहेत. बेघर माणूस जिथे जागा मिळेल तिथे अंग टाकतो, असा सर्वसाधारण समज असतो. न्यायालयीन कागदपत्रे आणि पदपथवासीयांची सर्वेक्षणे यांतून मात्र निराळे चित्र दिसते. कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर, पाणी, शौचालय, सुरक्षितता व निष्कासनाचा संभव यांचा बारकाईने हिशेब करून ही जागा निवडलेली असते आणि ती सोडावी लागल्यास बहुधा रोजगारही सुटतो. याच संबंधाची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा अधिकार हा जीविताच्या अधिकाराचा भाग असल्याचे मान्य केले.

व्याख्या आणि गणना

भारतीय जनगणनेत इमारतीत किंवा ‘जनगणना घरात’ न राहणाऱ्या कुटुंबास बेघर कुटुंब मानले जाते. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या सिमेंट नळांमध्ये, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, रेल्वे फलाटावर अथवा देवस्थानांच्या मोकळ्या मंडपात राहणाऱ्यांचा त्यात समावेश होतो. २०११ च्या जनगणनेत ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री करण्यात आली. तीनुसार देशात सुमारे १७.७ लाख, महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख आणि बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार व्यक्ती बेघर होत्या.

एका रात्रीत केलेल्या या मोजणीला मर्यादा आहेत. पहाटेच्या बाजारात काम करणारे हमाल रात्री झोपलेले नसतात. फलाटावरून हाकलले गेलेले लोक त्या वेळी वाटेत असतात. बांबू आणि ताडपत्रीची कायम झोपडी पदपथावरच उभी असली, तरी तिची नोंद घर म्हणून होऊ शकते. त्यामुळे ‘बेघर’ आणि ‘पदपथवासी’ हे दोन गट एकमेकांत मिसळलेले असले, तरी एकरूप नाहीत. दुकानात, कारखान्यात, उपाहारगृहाच्या माळ्यावर किंवा टॅक्सीत झोपणारे कामगार तर दोन्ही मोजण्यांतून निसटतात.

भाड्याच्या खोलीऐवजी पदपथ का

मुंबईत भाड्याने जागा घेण्यासाठी केवळ मासिक भाडे पुरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. व्यवहारात अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम आणि दलाली असे तीन खर्च पहिल्याच दिवशी उभे राहतात. झोपडपट्टीतील खोलीसाठी नोंदणीचा सोपस्कार अनेकदा टळतो, परंतु अनामत रक्कम टळत नाही. मोठी रक्कम एकदम देऊन मासिक भाडे न भरण्याची ‘हेवी डिपॉझिट’ पद्धत रूढ आहे. पण तिचा लाभ ज्याच्याजवळ आधीच पुंजी आहे त्यालाच होतो. रोजंदारीवरील माणसाकडे महिनाभर मिळून खोलीचे भाडे जमेल एवढी कमाई असू शकते. ती एका दिवशी, एकरकमी त्याच्या हाती नसते, आणि आठवडाभर काम मिळाले नाही तर महिन्याचे गणित मोडते.

दुसरा पर्याय दूरच्या उपनगरातील स्वस्त जागेचा. उपनगरी रेल्वेचा द्वितीय श्रेणीचा मासिक पास तुलनेने स्वस्त असला, तरी नाका कामगार, हमाल, कचरावेचक, फुलविक्रेते व घरकामगार यांच्या कामाच्या वेळा रेल्वेच्या वेळांशी जुळत नाहीत. पहिली गाडी येईपर्यंत दादरच्या फुलबाजारातील उलाढाल सुरू झालेली असते. कचरावेचकाला दुकाने बंद झाल्यावर रात्री आणि सफाईची गाडी येण्यापूर्वी पहाटे काम असते. हातगाडी किंवा भंगाराचे गाठोडे घेऊन त्याला लोकलमध्ये चढता येत नाही. बांधकामाच्या रोजंदारीसाठी नाक्यावर सकाळी लवकर उभे राहावे लागते आणि मुकादम निघून गेल्यावर पोहोचणाऱ्याचा दिवस वाया जातो.

पूर्वी या दोन टोकांच्या मधले अनेक पर्याय मुंबईत होते. गिरणगावातील एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार आणि त्यांना जेवण पुरवणाऱ्या खाणावळी, कोकणातील ग्रामस्थ मंडळांच्या सामाईक खोल्या, तसेच धोबी तलाव व माझगाव परिसरातील गोमंतकीयांच्या ‘कूड’ ही त्यांची उदाहरणे होत. कूड म्हणजे गोव्यातील एखाद्या गावाच्या लोकांनी मुंबईत चालवलेले सामुदायिक वसतिस्थान. जहाजावर नोकरी शोधणाऱ्या खलाशांना तेथे नाममात्र दरात पेटी ठेवण्याची व झोपण्याची सोय मिळे. या सर्व व्यवस्था गाव, जात किंवा धर्म यांच्या नात्यावर उभ्या होत्या. ज्यांच्या गावाची वा जातीची खोली मुंबईत नव्हती, त्यांना ही पायरी कधीच उपलब्ध झाली नाही. भूमिहीन शेतमजूर, दलित आणि भटक्या-विमुक्त समाजांतील कुटुंबे यांचा पदपथावरील वास्तव्याशी आलेला संबंध या संदर्भात पाहावा लागतो. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातील अवर्षणग्रस्त तालुक्यांतून अशी अनेक कुटुंबे मुंबईत आणली.

जागा ठरवणारे घटक

कामाची जवळीक हा सर्वांत बलवान घटक आहे. मशीद बंदर, भुलेश्वर, महात्मा जोतिबा फुले मंडई (क्रॉफर्ड मार्केट), दादर आणि गोदी परिसर यांच्याभोवती बेघरांची वस्ती दाट होण्याचे कारण तेथील हमाली, हातगाडी, निवडणे-टिपणे, भंगार आणि किरकोळ विक्री हे होय. भायखळ्याच्या पदपथांवरील स्त्रिया आसपासच्या चाळींत व इमारतींत घरकाम करीत. १९८० व १९९० च्या दशकांत कांदा-बटाटा, धान्य आणि मसाल्यांचे घाऊक बाजार वाशीला हलवले गेले, तेव्हा दक्षिण मुंबईतील हमालांच्या कामाचा मोठा भाग खाडीपलीकडे गेला. अशा स्थित्यंतरात नोंदीत माथाडी कामगाराला मंडळाचे संरक्षण असते; पदपथावर राहणाऱ्या नोंदबाह्य हमालाला स्वतःच जागा बदलावी लागते.

पाणी आणि शौचालय हा दुसरा घटक दिसतो त्याहून अधिक निर्णायक असतो. महानगरपालिकेच्या जलवाहिनीवर पदपथवासीयांना स्वतंत्र जोडणी मिळत नसे. त्यामुळे पाणी उपाहारगृहातून, इमारतीच्या पहारेकऱ्याकडून, टँकरवाल्याकडून किंवा जवळच्या वस्तीतून हंड्याच्या दराने घेतले जाते, आणि प्रतिलिटर हिशेब केल्यास ते नळजोडणी असलेल्या घरापेक्षा कितीतरी महाग पडते. सशुल्क सार्वजनिक शौचालयात प्रत्येक वापराचे पैसे पडतात. पाच जणांच्या कुटुंबाला हा खर्च रोज करावा लागतो. पुरुषांना मुतारी विनाशुल्क आणि स्त्रियांकडून मात्र पैसे, या रूढ भेदाविरुद्ध २०११ पासून मुंबईत ‘राइट टू पी’ ही मोहीम चालली. शौचालय रात्री बंद होत असेल, तर स्त्रिया सायंकाळनंतर पाणी पिणे टाळतात. म्हणूनच स्त्रिया असलेले कुटुंब शौचालयाच्या जवळची, परंतु त्याच्या दारासमोरची नव्हे, अशी जागा पसंत करते.

सुरक्षिततेबाबत एकटा पुरुष आणि कुटुंब यांचे निर्णय भिन्न असतात. एकटा पुरुष कामाच्या ठिकाणाजवळ कोठेही, प्रसंगी दुभाजकावरही झोपतो आणि सामान कमीत कमी ठेवतो. कुटुंबे आपल्या गावाकडच्या किंवा नात्यातल्या लोकांच्या रांगेत जागा शोधतात, कारण आई-बाप कामावर गेल्यावर लेकरांवर शेजारणीची नजर राहते. दिवाबत्ती असलेला, रात्री उशिरापर्यंत वर्दळ असलेला रस्ता चोरी व छेडछाडीच्या दृष्टीने बरा. मात्र त्याच रस्त्यावर वाहनांचा धोका अधिक. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्रे येथे पदपथावर झोपलेल्या लोकांवर मोटार चढून एक जण ठार व चार जण जखमी झाले. ते जवळच्या बेकरीत काम करीत. १२ नोव्हेंबर २००६ रोजी कार्टर रोडवर अशाच दुर्घटनेत रस्त्याच्या बांधकामावरील सात मजूर मृत्युमुखी पडले. वृत्तपत्रांतून अशा मृतांचा उल्लेख बहुधा केवळ ‘फुटपाथवर झोपलेले’ असा होतो. दोन्ही घटनांतील माणसे रोजगारावर होती आणि कामाच्या जागेलगत झोपली होती, ही बाब जागानिवडीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

अन्नाची सोय हा वृद्ध, आजारी आणि काम न मिळालेल्या व्यक्तींसाठी पहिला घटक ठरतो. माहीम दर्ग्याच्या परिसरातील उपाहारगृहांपुढे गरिबांनी रांगेत बसायचे आणि दानशूर ग्राहकाने त्यांच्या जेवणाचे पैसे द्यायचे, ही पद्धत दीर्घकाळ चालत आली आहे. दादर येथील गुरुद्वाऱ्याचा लंगर, मंदिरांतील अन्नदान आणि २६ जानेवारी २०२० पासून राज्य शासनाने १० रुपयांत सुरू केलेली शिवभोजन थाळी या सोयींनीही मुक्कामाच्या जागा प्रभावित होतात.

पावसाळा हा घटक वर्षातून चार महिने बाकी सर्व घटकांवर मात करतो. उघड्या पदपथावरील माणसे जूनच्या सुमारास उड्डाणपूल, उन्नत मार्ग, पादचारी पूल व दुकानांच्या पडव्या यांच्या आश्रयाला सरकतात. मेणकापड किंवा ताडपत्री दरवर्षी नवी घ्यावी लागते. ती पालिकेच्या गाडीने उचलून नेल्यास पुन्हा तेवढाच खर्च येतो, आणि तिच्याबरोबर शिधापत्रिका व मुलांची पुस्तके गेली तर ती पैशांनीही लवकर परत मिळत नाहीत.

रुग्ण व त्यांचे नातेवाईक

परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालय, के.ई.एम. रुग्णालय आणि वाडिया रुग्णालये यांच्याभोवतालच्या पदपथांवर राहणारा गट इतरांहून वेगळा आहे. यांतील अनेकांचे गावी घर व थोडीफार शेती असते. कर्करोगाच्या उपचारांत रसायनोपचार किंवा किरणोपचार आठवडेच्या आठवडे चालतात, दोन फेऱ्यांमधील दिवसांत रुग्णालयात खाट मिळत नाही, आणि बिहार, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल किंवा विदर्भातून पुन्हापुन्हा ये-जा करणे परवडत नाही. दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था अशा रुग्णांना अल्प दरात निवास देतात. मात्र जागेपेक्षा गरजवंत अधिक असतात. रांगेत नाव लावलेल्या कुटुंबाला खोली मिळेपर्यंत रुग्णालयाच्या भिंतीलगतच थांबावे लागते. रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णाने धूळ आणि डासांत राहणे वैद्यकीयदृष्ट्या घातक आहे, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलेले असते. उपचार सोडून गावी जाणे आणि पदपथावर राहून उपचार पूर्ण करणे, एवढे दोनच पर्याय त्यांच्यापुढे उरतात.

ओल्गा टेलिस खटला

१३ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी मुंबईतील पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याचा निर्णय जाहीर केला. ऐन पावसाळ्यात झोपड्या पाडण्यास सुरुवात झाली. पत्रकार ओल्गा टेलिस, काही पदपथवासी व झोपडपट्टीवासी आणि नागरी हक्क संघटना यांनी याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. ओल्गा टेलिस विरुद्ध बॉम्बे म्युनिसिपल कॉर्पोरेशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी दिला.

निकालपत्रात याचिकाकर्त्यांच्या आयुष्याचे जे तपशील नोंदले आहेत, ते जागानिवडीच्या अर्थकारणाचे दुर्मीळ दस्तऐवज ठरतात. तमिळनाडूतील सेलम येथील एक भूमिहीन मजूर दुष्काळामुळे काम सुटल्याने १९६१ मध्ये मुंबईत आला. त्याला दहिसरच्या रासायनिक कारखान्यात २३ रुपये रोजावर काम मिळाले आणि पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या पदपथावरील प्लॅस्टिक व कॅनव्हासच्या आडोशासाठी एका झोपडीदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले. म्हणजे शंभराहून अधिक दिवसांची संपूर्ण मजुरी त्या आडोशात गेली. दुसरा याचिकाकर्ता अहमदनगर जिल्ह्यातील संगमनेरचा चर्मकार होता. गावी तो दिवसाला सात-आठ रुपये मिळवीत असे. मुंबईत बदली कामगार म्हणून त्याला महिना ३५० रुपये मिळू लागले. तुळशीवाडीच्या पदपथावर जागा मिळवण्यासाठी त्याने स्थानिक गुंडाला ३०० रुपये दिले, तर बांबू व प्लॅस्टिकला ७०० रुपये लागले. त्याचे जवळजवळ तीन महिन्यांचे वेतन यात खर्ची पडले. पदपथ फुकट असतो ही कल्पना या आकड्यांपुढे टिकत नाही. तो स्वस्तही नव्हता. पदपथाची किंमत टप्प्याटप्प्याने किंवा उसनवारीवर भागवता येण्यासारखी होती आणि तो कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता, एवढाच त्याचा लाभ.

यांपैकी एका याचिकाकर्त्याची झोपडी २३ जुलै १९८१ रोजी पाडून त्याला कुटुंबासह सेलमच्या बसमध्ये बसवण्यात आले. त्याची पत्नी व मुली तेथेच राहिल्या. तो मात्र कामाच्या शोधात मुंबईत परतला आणि पुन्हा पदपथावरच राहू लागला.

अल्प उत्पन्नाचे लोक कामाच्या ठिकाणाजवळचा पदपथ किंवा झोपडपट्टी निवडतात, कारण प्रवासाचा वेळ व खर्च त्यांना झेपणारा नसतो आणि ती जागा गमावणे म्हणजे काम गमावणे, हे न्यायालयाने स्पष्टपणे मान्य केले. संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकारात उपजीविकेचा अधिकार अंतर्भूत असल्याचा सिद्धान्त यातूनच प्रस्थापित झाला. तथापि निकालाची दुसरी बाजू अनेकदा दुर्लक्षित राहते. पदपथ ये-जा करण्यासाठी असून त्यावर राहण्याचा हक्क कोणालाही नाही, असेही न्यायालयाने म्हटले आणि विनासूचना अतिक्रमण हटवण्याची मुभा देणारे महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३१४ वैध ठरवले. सामान्यतः सूचना देऊन बाजू ऐकावी, एवढी अट त्याला जोडली. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, निष्कासनास मनाई करण्यात आली. १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा देण्याचे निर्देश दिले गेले, परंतु पर्यायी जागा ही निष्कासनाची सार्वत्रिक पूर्वअट मानण्यात आली नाही. सिद्धान्त पदपथवासीयांच्या बाजूने लागला आणि जागा मात्र त्यांच्या हाती आली नाही, असेच या निकालाचे वर्णन करावे लागते.

पदपथवासीयांची स्वतःची गणना

निकालानंतर मोठ्या प्रमाणावर निष्कासन होईल या अपेक्षेने ‘स्पार्क’ या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने भायखळ्याचा परिसर आणि प्रमुख रस्त्यांवरील सुमारे सहा हजार पदपथवासी कुटुंबांची पाहणी केली. ‘वी, द इनव्हिजिबल’ या नावाने ती १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. बहुसंख्य लोक पायी कामावर जातात आणि कित्येक कुटुंबे एकाच पदपथावर दशकभराहून अधिक काळ राहिली आहेत, असे त्यातून पुढे आले. पदपथवासी म्हणजे तात्पुरते आलेले उपरे, ही प्रशासनाची धारणा या पाहणीने खोडून काढली.

या कामातून ‘महिला मिलन’ ही पदपथावरील स्त्रियांची बचत संघटना उभी राहिली. जॉकिन अर्पुथम यांनी १९७४ मध्ये स्थापन केलेल्या राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाशी तिचे सहकार्य झाले. रोज एक-दोन रुपये गोळा करणाऱ्या या स्त्रियांनी शहरातील मोकळ्या भूखंडांची पाहणी केली आणि आपल्याला हव्या असलेल्या घराची पूर्णाकृती प्रतिकृती उभारून दाखवली. मानखुर्द येथील मिलन नगर ही पदपथवासीयांची गृहनिर्माण संस्था या प्रयत्नांचे फलित होय. जागेची निवड पदपथवासीयांनी स्वतः, सामूहिकरीत्या व पुरेसा अवधी घेऊन केल्याचे मुंबईतील हे ठळक उदाहरण आहे. तरीही भायखळ्यातील घरकामावर मानखुर्दहून रोज येणे अनेकींना कठीण गेले.

पुनर्वसन आणि अंतराचा प्रश्न

१९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले आणि विनामूल्य घराच्या योजनेत पात्र पदपथवासीयांचाही समावेश करण्यात आला. या घराचे क्षेत्रफळ आरंभी २२५ चौरस फूट होते. पुढे ते २६९ व नंतर ३०० चौरस फूट झाले. पात्रतेसाठी १ जानेवारी १९९५ ही वास्तव्याची मर्यादातारीख होती. नंतर ती १ जानेवारी २००० करण्यात आली. झोपडपट्टीवासीयाचे पुनर्वसन शक्यतो त्याच भूखंडावर होते. पदपथावर इमारत उभारता येत नसल्याने पदपथवासीयाला मात्र अन्यत्रच जावे लागते, आणि स्वस्त जमीन मानखुर्द, गोवंडी व चेंबूरच्या पूर्वेकडील पट्ट्यात असल्याने बहुतेक वसाहती तेथेच झाल्या.

नवीन सदनिकेत पाणी, शौचालय व पत्ता मिळतो. त्याबरोबर वीजबिल, देखभाल शुल्क आणि प्रवासखर्च हे पूर्वी नसलेले नियमित खर्चही येतात. काही कुटुंबे सदनिका भाड्याने देऊन पुन्हा जुन्या पदपथाकडे वळतात. याकडे योजनेचा गैरफायदा म्हणून पाहिले जाते. तथापि उत्पन्नाचा हिशेब मांडल्यास कामाजवळची जागा आणि सदनिकेचे भाडे यांची बेरीज अनेकदा सदनिकेतील वास्तव्यापेक्षा मोठी भरते. माहुल येथे हलवलेल्या तानसा जलवाहिनीलगतच्या प्रकल्पग्रस्तांच्या बाबतीत प्रश्न केवळ अंतराचा नव्हता, तर तेलशुद्धीकरण व रासायनिक उद्योगांच्या प्रदूषणाचा होता. तेथे जाण्याची सक्ती न करता कुटुंबांना महिना १५,००० रुपये भाडे व ४५,००० रुपये अनामत रक्कम द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. शहरात साध्या भाड्याच्या निवाऱ्याला किती खर्च येतो, याचा अधिकृत अंदाज म्हणूनही हे आकडे बोलके आहेत.

निवारागृहे

अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारागृह उभारण्याचे निर्देश दिले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात हाच निकष स्वीकारला गेला. प्रत्येक निवारागृह किमान शंभर व्यक्तींसाठी, वर्षभर व चोवीस तास खुले असावे, प्रत्येकास किमान ५० चौरस फूट जागा मिळावी आणि ते बेघरांच्या कामाच्या व मुक्कामाच्या ठिकाणांजवळ असावे, असे मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे. २०११ मधील बृहन्मुंबईची १.२४ कोटी लोकसंख्या धरल्यास सुमारे १२५ निवारागृहे व १२,५०० जणांची सोय होते. निकष तंतोतंत पाळला गेला, तरी जनगणनेने मोजलेल्या बेघरांपैकी एक पंचमांशाहून थोड्या अधिक व्यक्तींनाच त्यात जागा मिळेल.

उपलब्ध निवारागृह टाळून पदपथावर राहण्याची कारणेही आहेत. हातगाडी, विक्रीचा माल किंवा भंगार आत नेता येत नाही. पुरुष व स्त्रिया यांच्यासाठी वेगवेगळी निवारागृहे असल्यास पती-पत्नी आणि मोठे मुलगे विभागले जातात. व्यसनाधीन वा मनोरुग्ण व्यक्तींना प्रवेश मिळणे अवघड असते. पदपथावरची जागा काही दिवस रिकामी राहिली की दुसरा कोणी ती घेतो, हे कारण बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही.

पत्ता आणि ओळख

एकाच ठिकाणी टिकून राहण्यामागे कागदपत्रांचेही कारण असते. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार बेघर व्यक्तीला मतदार नोंदणीसाठी पत्त्याचा लेखी पुरावा द्यावा लागत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री प्रत्यक्ष जागेवर जाऊन ती व्यक्ती तेथेच झोपते की नाही, याची खातरजमा करतो. त्यामुळे झोपण्याची ठरलेली जागा हाच तिचा पत्ता ठरतो. शिधापत्रिका, मुलांचा पालिका शाळेतील प्रवेश आणि पुनर्वसनाची पात्रता यांसाठीही दीर्घ सलग वास्तव्य उपयोगी पडते. जागा बदलली की हा संचय शून्यावर येतो. वारंवार हटवल्या जाणाऱ्या पारधी व अन्य विमुक्त समाजांतील कुटुंबांची अडचण येथे दुहेरी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला असला, तरी संशयाने पाहिले जाण्याचा अनुभव सरलेला नाही.

मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ हाही जागानिवडीवर परिणाम करणारा कायदा आहे. उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भटकणे किंवा थांबणे याचाही भिक्षेच्या व्याख्येत समावेश असल्याने, भीक न मागणाऱ्या बेघर व्यक्तीलाही ताब्यात घेऊन चेंबूर येथील भिक्षेकरी गृहात ठेवता येते. पहिल्या वेळी स्थानबद्धतेचा काळ एक ते तीन वर्षे असू शकतो. दिल्लीला लागू असलेल्या याच अधिनियमातील अनेक तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. तो निर्णय महाराष्ट्राला लागू होत नाही. मोठी स्थानके, वाहतूक सिग्नल आणि पर्यटनस्थळे येथे कमाई अधिक असूनही काही बेघर व्यक्ती रात्री तेथून दूर, कमी उजेडाच्या गल्लीत मुक्काम करतात, त्याचे हे एक कारण होय.

२०२० ची टाळेबंदी

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ साथीमुळे टाळेबंदी लागू झाल्यावर नाके, मंडया व उपाहारगृहे बंद पडली आणि कामाच्या जवळीकीचे मूल्य एकाएकी नाहीसे झाले. १४ एप्रिल रोजी वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाऊ इच्छिणाऱ्या कामगारांचा मोठा जमाव झाला. पदपथावरील अनेक एकटे पुरुष पायी किंवा मिळेल त्या वाहनाने मुंबईबाहेर पडले. ज्यांचे गावी काहीच उरले नव्हते, ती कुटुंबे अन्नवाटप होणाऱ्या रस्त्यांच्या आसपास सरकली. बाजार पुन्हा उघडल्यावर परतलेल्यांपैकी काहींना आपल्या जुन्या जागेवर दुसरे कुटुंब राहत असलेले आढळले.